आधी छोटा कॅम्पस, मग मुख्य कॅम्पस: पेन स्टेटच्या ‘२+२’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचं मोठं सरकारी विद्यापीठ म्हणजे पेन स्टेट. १८५५ मध्ये शेतीशाळा म्हणून सुरू झालं आणि आज राज्यभर पसरलंय. मुख्य कॅम्पस ‘युनिव्हर्सिटी पार्क’ हा स्टेट कॉलेज नावाच्या गावात, राज्याच्या ऐन मध्यावर. बाकीचे कॅम्पस फिलाडेल्फियाच्या उपनगरांपासून थेट ईरी सरोवराच्या काठापर्यंत. दर हिवाळ्यात प्रवेशाचे निकाल लागले की फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, पिट्सबर्गकडच्या मराठी घरांत आणि हल्ली पुण्या-मुंबईतही तेच ते प्रश्न सुरू होतात. त्यांची ही उत्तरं. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

पत्रात ‘अल्टूना’ लिहिलंय. म्हणजे प्रवेश मिळाला की नाकारला?

मिळाला. पेन स्टेटमध्येच मिळाला. फक्त सुरुवात अल्टूना कॅम्पसला करायची आणि साधारण दोन वर्षांनी युनिव्हर्सिटी पार्कला जाऊन तिथे पदवी पूर्ण करायची, असा तो प्रस्ताव आहे. यालाच ‘टू प्लस टू’ म्हणतात. अर्जात मुख्य कॅम्पस पहिल्या पसंतीला होता आणि तिथे त्या विषयात जागा नव्हती, तर बहुधा असं पत्र येतं. काहींना मुख्य कॅम्पसच मिळतो, पण ऑगस्टऐवजी उन्हाळी सत्रापासून. तो वेगळा प्रस्ताव. दोन्हींची गल्लत करू नका.

हे कॅम्पस म्हणजे आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांसारखे का?

नाही. आपल्याकडे संलग्न कॉलेजाची संस्था वेगळी, व्यवस्थापन वेगळं, विद्यापीठ फक्त परीक्षा घेऊन पदवी देतं. इथे मालक एकच, प्राध्यापक पेन स्टेटचेच, विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक तोच, आणि कॅल्क्युलसच्या पहिल्या पेपरचा ‘मॅथ १४०’ हा क्रमांकही सगळीकडे सारखाच. म्हणून इथले लोक याला ‘ट्रान्सफर’ म्हणत नाहीत, ‘चेंज ऑफ कॅम्पस’ म्हणतात. तुमचा मुलगा विद्यापीठ बदलत नाही, पत्ता बदलतो.

त्यातला प्रत्येक कॅम्पस मात्र स्वभावानं वेगळा. अल्टूना हे जुनं रेल्वेचं गाव, आणि तिथला कॅम्पस ज्या जागेवर आहे तिथे पूर्वी आयव्हीसाइड नावाचं करमणुकीचं उद्यान होतं. फिलाडेल्फियाजवळच्या ॲबिंग्टन कॅम्पसच्या जागी मुलींची शाळा होती, आणि विमान चालवणारी अमेलिया इअरहार्ट त्या शाळेत काही काळ शिकली होती. ईरीचा ‘बेरेंड’ आणि राज्याच्या राजधानीजवळचा ‘हॅरिसबर्ग’ हे तर आकारानं आणि अभ्यासक्रमांनी स्वतंत्र विद्यापीठं शोभावीत असे. बेरेंडमध्ये इंजिनिअरिंगची पदवी तिथल्या तिथे पूर्ण करता येते. ‘छोटा कॅम्पस’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतोय. सगळे एका मापाचे नाहीत.

दोन वर्षांनी मुख्य कॅम्पसला नक्की जाता येतं ना?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बहुतेक घरांत तो अर्धाच विचारला जातो. पूर्ण प्रश्न असा: मुख्य कॅम्पसला जाता येईल का, आणि *हव्या त्या विषयात* जाता येईल का?

पेन स्टेटमध्ये पहिल्या वर्षाला आलेला बहुतेक विद्यार्थी त्याच्या मेजरमध्ये, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयात, अजून शिरलेला नसतो. तो त्या दिशेनं निघालेला असतो, एवढंच. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ‘एंट्रन्स टू मेजर’ नावाचा उंबरठा येतो. ठरलेले विषय ठरलेल्या ग्रेडनं, बहुधा किमान ‘सी’नं, पूर्ण झालेले असावे लागतात आणि एकूण जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) त्या विभागानं लावलेल्या रेषेच्या वर असावा लागतो. मानसशास्त्र किंवा इतिहासासारख्या विषयांत हा उंबरठा ठेंगणा असतो. इंजिनिअरिंगच्या बऱ्याच शाखा आणि स्मील बिझनेस कॉलेजचे विषय यांत मात्र तो चांगलाच उंच. रेषा कुठे आहे हे तुम्ही कोणत्या वर्षी प्रवेश घेतला यावरही ठरतं. त्यामुळे शेजारच्यांच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी काय लागलं होतं ते ऐकून निर्धास्त होऊ नका. आपल्या वर्षाचं बुलेटिन, म्हणजे विद्यापीठाची अभ्यासक्रम-नियमांची पुस्तिका, उघडून वाचा.

ही अट मुख्य कॅम्पसवर पहिल्या दिवसापासून असलेल्या मुलांनाही तशीच लागू असते. हे कळलं की निम्मी तक्रार गळून पडते. युनिव्हर्सिटी पार्कला राहून जीपीए घसरला तर कॉम्प्युटर सायन्सचं दार तिथेही बंदच.

इंजिनिअरिंगसाठी छोट्या कॅम्पसवरून सुरुवात करणं धोक्याचं आहे का?

धोक्याचं नाही, पण ढिलाई चालत नाही. मागच्या प्रश्नातली गोष्ट इथे आणखी बारकाईनं सांगावी लागते.

पहिली अडचण येते ती वर्ग सुरू होण्याआधीच. विद्यापीठात दाखल होताना ‘अलेक्स’ नावाची गणिताची ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. मुलं ती घरच्या सोफ्यावर, मे महिन्याच्या आळसात, टीव्ही चालू ठेवून उरकतात. गुण कमी आले की कॅल्क्युलसच्या आधीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती घ्यायला लावतात. एक सत्र गेलं. कॅल्क्युलस पुढे ढकललं की भौतिकशास्त्र पुढे ढकललं जातं, कारण ते कॅल्क्युलसशी बांधलेलं असतं. आणि ज्या शाखांना मागणी जास्त, तिथे मेजरमध्ये शिरायची एक खिडकी असते: साधारण ४० ते ५९ क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) झालेली असताना. ही क्रेडिट्स पेन स्टेटमध्येच, अक्षरी ग्रेडनं मिळवलेली धरतात. त्या खिडकीत कॅल्क्युलसचे दोन्ही भाग, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र हे सगळं बसवायचं असेल तर मे महिन्यातली ती चाचणी गांभीर्यानंच द्यायला हवी. ती आधी सराव करून देता येते, पुन्हाही देता येते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. मोठ्या कॅम्पसवर एका विषयाचे दहा वर्ग असतात, छोट्यावर एक. तो एक वर्ग दुसऱ्या आवश्यक विषयाच्या वेळेवर आदळला, किंवा फक्त पानगळीच्या सत्रातच असला, तर काय? म्हणून सल्लागाराकडून पहिल्याच महिन्यात चारही सत्रांचा कागद तयार करून घ्या. ‘पुढच्या सत्रात बघू’ असं तो म्हणाला तर ‘आत्ताच बघू’ म्हणा.

आणि तिसरी बाजू, जी अडचण नाहीच. छोट्या कॅम्पसवर कॅल्क्युलसच्या वर्गात तीसेक मुलं असू शकतात आणि शिकवणाऱ्याला तुमच्या मुलाचं नाव माहीत असतं. मुख्य कॅम्पसवर पहिल्या वर्षाची लेक्चर्स शेकडो मुलांच्या सभागृहात होतात. ज्या मुलाला हात वर करायला संकोच वाटतो त्याच्यासाठी हा फरक ‘ए’ आणि ‘सी’मधला असू शकतो. माझं प्रामाणिक मत: बारावीपर्यंत कोणीतरी मागे लागल्याशिवाय अभ्यासाला न बसणाऱ्या मुलाला छोटा कॅम्पस जास्त मानवतो.

काही विषय छोट्या कॅम्पसवरून सुरूच करता येत नाहीत का?

बरोबर. वास्तुकला, संगीत अशा विषयांत पहिल्या वर्षापासून स्टुडिओ किंवा ऑडिशन लागते. तिथे दोन वर्षं दुसरीकडे काढून येणं जमत नाही. मुलीला आर्किटेक्ट व्हायचं असेल आणि पत्र दुसऱ्याच विषयाचं व छोट्या कॅम्पसचं आलं असेल, तर ‘आत शिरू, मग बदलू’ या भरवशावर राहू नका.

छोट्या कॅम्पसचा जीपीए पुढे येतो की पाटी कोरी होते?

येतो, पुरताच येतो. विद्यापीठ एकच असल्यानं ग्रेड सलग मोजल्या जातात.

कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून, येणाऱ्याचं उलट असतं. त्याची क्रेडिट्स मान्य झाली तरी ग्रेड त्याच्या नव्या जीपीएत धरत नाहीत; त्याचा जीपीए नव्या विद्यापीठात शून्यापासून सुरू होतो. ज्यांची दोन वर्षं चांगली जाणार त्यांना पेन स्टेटची पद्धत फायद्याची, कारण कमावलेला ‘ए’ शेवटपर्यंत साथ देतो. पहिलं सत्र मौजमजेत घालवून रसायनशास्त्रात ‘डी’ आणणाऱ्याला तोच ‘डी’ तिसऱ्या वर्षापर्यंत सोबत करतो.

मग कम्युनिटी कॉलेजच स्वस्त आणि बरं नाही का?

स्वस्त तर आहेच, आणि कित्येकांना तेच योग्य. पण तिथे प्रत्येक विषयाची समकक्षता तपासावी लागते, प्रवेशासाठी नव्यानं अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं नाही. कॅलिफोर्नियात मात्र हा रस्ता पक्का बांधलेला आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांतून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसांना हमीचा ट्रान्सफर मिळू शकतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्या हमीत नाहीत. पेनसिल्व्हेनियात राहता आणि शेवटी पेन स्टेटच हवंय, तर मी ‘२+२’कडे झुकेन.

पैसे किती वाचतात?

फी कॅम्पसनुसार वेगळी असते आणि छोट्या कॅम्पसवर ती ठळकपणे कमी असते. राज्यातल्या रहिवाशाला आणि बाहेरच्याला, दोघांनाही फरक पडतो. पण खरी बचत होते ती मूल घरून ये-जा करत असेल तर. ॲबिंग्टन किंवा ब्रँडिवाइन तुमच्या घरापासून वीस मिनिटांवर असेल, तर खोलीभाडं आणि मेसचा खर्च दोन वर्षं वाचतो, आणि ही रक्कम फीच्या फरकाइतकी किंवा त्याहून जास्त भरते. गाडी, विमा, पेट्रोल धरायला विसरू नका. त्याच मुलाला घरापासून चार तासांवरच्या कॅम्पसला पाठवून वसतिगृहात ठेवलं, तर बचत बरीच आक्रसते.

शिष्यवृत्तीच्या पत्रातही नीट बघा. काही शिष्यवृत्त्या त्या कॅम्पसनं स्वतः दिलेल्या असतात. कॅम्पस बदलल्यावर ती चालू राहते का, हे लेखी विचारा. तिसऱ्या वर्षी फी वाढते हे घरच्या हिशेबात आधीच धरलेलं बरं.

पदवीच्या कागदावर काय छापतात?

द पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी. अल्टूना नाही, ॲबिंग्टन नाही.

काही कॅम्पस बंद होणार आहेत म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. २२ मे २०२५ ला विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळानं सात कॅम्पस बंद करायचा ठराव मंजूर केला: ड्युबॉय, फेएट, माँट आल्टो, न्यू केन्सिंग्टन, शनँगो, विल्क्स-बॅरी आणि यॉर्क. २०२७ च्या वसंत सत्रानंतर तिथलं शिक्षण थांबेल. कारणं जुनी आहेत: ग्रामीण पेनसिल्व्हेनियात मुलांची संख्या घटतेय, पटसंख्या वर्षानुवर्षं खाली आलीय आणि इमारती तशाच सांभाळाव्या लागताहेत. विशाखापट्टणममध्ये जन्मलेल्या विद्यापीठाच्या अध्यक्षा नीली बेंडापुडी यांच्या कारकिर्दीतला हा बहुधा सगळ्यात कडू निर्णय. माँट आल्टोबद्दल हळहळ जास्त झाली, कारण तिथली वनशास्त्राची शाळा १९०३ पासूनची.

ही लाट एकट्या पेन स्टेटची नाही. विस्कॉन्सिनमध्ये रिचलँड सेंटरच्या दोन वर्षांच्या कॅम्पसमधलं प्रत्यक्ष शिक्षण २०२३ मध्ये थांबलं आणि त्यानंतर तिथले आणखी काही कॅम्पस मिटले.

तुमच्या दृष्टीनं अर्थ इतकाच: यादीतल्या कॅम्पसवर दोन वर्षांचा बेत आखू नका. यादीबाहेरच्याबाबतही चौकशी करा, की गेल्या दोन-तीन वर्षांत तिथले किती पूर्णवेळ प्राध्यापक राहिलेत, आपल्याला लागणारे विषय दर वर्षी होतात का. कॅम्पस चालू असतो, पण दुसऱ्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा वर्ग रद्द होतो. मुलाचं नुकसान त्यानंच होतं.

आम्ही भारतातून येतोय, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. आम्हाला ‘२+२’ चालतं का?

चालतं, पण व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदावर तुम्ही कोणत्या कॅम्पसला जाताय ते लिहिलेलं असतं. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देताना ‘स्टेट कॉलेजला चाललोय’ म्हणायचं आणि कागदावर हेझलटन कॅम्पस, असं होऊ देऊ नका. का जाताय, पुढे काय बेत आहे, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. कॅम्पस बदलताना आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आय-२० वेळेत अद्ययावत करून घ्यायचा. हे काम तुमचं आहे, आपोआप होईल असं धरू नका. पदवीनंतरचं ओपीटी (अमेरिकेत काम करायची तात्पुरती परवानगी) बारा महिन्यांचं असतं आणि स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित, विषयांना त्यावर चोवीस महिन्यांची मुदतवाढ मागता येते. सुरुवात कुठून केली याचा त्याच्याशी संबंध नाही.

एक अडचण मात्र व्यवहाराची आहे. छोट्या गावातल्या काही कॅम्पसना वसतिगृहच नाही आणि गाडीशिवाय किराणा आणणंही मुश्कील. पुण्यातून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे झेपेल का, याचा विचार फीच्या आकड्याआधी करा. माझ्या मते भारतातून थेट येणाऱ्यानं वसतिगृह असलेलाच कॅम्पस घ्यावा: अल्टूना, बेरेंड, हॅरिसबर्ग, बर्क्स यांसारखा.

मूल एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांचा व्हिसा) आहे. काही वेगळं?

संघराज्य सरकारची आर्थिक मदत, म्हणजे फाफ्साच्या अर्जातून मिळणारी, एच-४ वाल्यांना मिळत नाही. म्हणूनच कमी फीच्या कॅम्पसचा या घरांना जास्त उपयोग. मात्र एकविसावं वर्ष पूर्ण झालं की एच-४ संपतो, आणि ‘२+२’मध्ये ते वय बरोबर कॅम्पस बदलण्याच्या आगेमागे येतं. एफ-१ वर जायची तयारी विसाव्या वर्षीच सुरू करा, वकिलाला विचारून. रहिवाशाची फी लागू होते की बाहेरच्याची, हे विद्यापीठाच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

मुख्य कॅम्पसला गेल्यावर राहायचं कुठे?

स्टेट कॉलेज गावात पुढच्या ऑगस्टच्या घरांचे करार आदल्या पानगळीतच व्हायला लागतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, मेजर पक्का व्हायच्या आधी, घराचा विचार सुरू करावा लागतो. कॅम्पसजवळची बरी घरं डिसेंबरपर्यंत उरत नाहीत. ज्यांच्याबरोबर राहायचं ती मुलं तिथे आधीपासून असतील तर उत्तम. नसतील तर त्याच छोट्या कॅम्पसवरून निघणाऱ्या तिघाचौघांनी मिळून घर शोधावं. सही करण्याआधी पोटभाडेकरू ठेवायची मुभा आहे का ते वाचा, कारण बेत बदलू शकतो.

तिसऱ्या वर्षी गेल्यावर मुलं एकटी पडतात का?

काही पडतात. लोकांची टोळकी पहिल्या वर्षीच्या वसतिगृहात जमलेली असतात, आणि तुम्ही लाखाहून जास्त प्रेक्षक मावणाऱ्या फुटबॉल स्टेडियमच्या गावात नव्यानं उतरता. छोट्या कॅम्पसवर क्लबचे अध्यक्ष असलेली मुलं इथे आल्यावर कोणाच्या खिजगणतीत नसतात. त्याचा त्रास बोलून दाखवत नाहीत, ग्रेडमध्ये दिसतो.

दुसऱ्या वर्षी दोन-चार शनिवार-रविवार तिथे जाऊन यावं, ज्या क्लबात पुढे जायचं त्याच्या बैठकीला बसावं. अल्टूनाहून अंतर साधारण सत्तर किलोमीटर, अशक्य नाही.

इंटर्नशिप आणि ऑनर्सचं काय?

मुख्य कॅम्पसचा मोठा नोकरी मेळावा सप्टेंबरात असतो. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तिथे ऑगस्टअखेर पोहोचतो, अजून वर्गखोल्या शोधत असतो, आणि कंपन्या पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मुलाखती सुरू करतात. म्हणून रेझ्युमे जुलैतच तयार हवा. त्यावर छोट्या कॅम्पसवरच्या प्राध्यापकाबरोबर केलेलं एखादं संशोधनाचं काम असेल तर सोन्याहून पिवळं. अशी कामं तिथे दुसऱ्या वर्षीच मिळतात, कारण रांगेत पुढे उभे पदव्युत्तर विद्यार्थी कमी असतात. श्रेयर ऑनर्स कॉलेजमध्येही पहिल्या वर्षी न शिरलेल्यांना नंतर अर्ज करता येतो.

दुसऱ्या राज्यांतही अशी सोय आहे का?

आहे, पण नियम सगळीकडे निराळे. ओहायो स्टेटचे लायमा, मॅन्सफील्ड, मॅरियन आणि न्यूअर्क इथे प्रादेशिक कॅम्पस आहेत. तिथे ३० क्रेडिट तास आणि किमान २.० जीपीए झाला की कोलंबसच्या मुख्य कॅम्पसला जाता येतं. ऐकायला फार सोपं, पण इंजिनिअरिंग किंवा बिझनेसची अट वेगळी असतेच.

टेक्ससमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससचा ‘कॅप’ आहे. आपल्या कॅप राउंडशी त्याचं काही नातं नाही. ऑस्टिनला प्रवेश न मिळालेल्या टेक्ससच्या मुलांनी आर्लिंग्टन, एल पासो यांसारख्या भावंड विद्यापीठात एक वर्ष काढायचं, ३० क्रेडिट्स आणि ३.२ जीपीए मिळवायचा, मग ऑस्टिनला जागा. हमी लिबरल आर्ट्सची. कॉम्प्युटर सायन्सच्या आशेनं कॅप घेणारी घरं दर वर्षी असतात, आणि त्यांना त्या विषयासाठी इतर सगळ्यांसारखी स्पर्धाच करावी लागते.

मंडळाच्या कार्यक्रमात ‘कुठे मिळाली ॲडमिशन?’ विचारलं तर काय सांगायचं?

पेन स्टेट. खोटं नाही ते. पण मुलाला जर वाटत असेल की आईबाबा कॅम्पसचं नाव गिळताहेत, तर तो पहिल्या दिवसापासून तिथे पाहुण्यासारखा वावरेल, ना क्लबात जाईल ना प्राध्यापकांकडे. त्यापेक्षा ‘अल्टूनाला सुरुवात करतोय’ हे घरातल्या मोठ्यांनीच आधी सरळ म्हणावं.

हो म्हणण्याआधी कोणाला काय विचारायचं?

त्या कॅम्पसच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करा, फोन नव्हे. उत्तर लेखी हवं. विचारा: माझ्या विषयाच्या एंट्रन्स टू मेजरसाठी लागणारे सगळे कोर्स तुमच्याकडे दोन वर्षांत होतात का? शेवटचे केव्हा घेतले गेले? या विषयातली किती मुलं गेल्या वर्षी युनिव्हर्सिटी पार्कला गेली? विषय मिळाला नाही तर पर्याय काय? मग एकदा सत्र चालू असताना, मंगळवारी किंवा बुधवारी, तिथे जा. शनिवारच्या ओपन हाउसला सगळेच कॅम्पस गजबजलेले दिसतात. ग्रंथालयात दुपारी तीन वाजता किती मुलं बसलीत ते पाहा आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून विचारा, की तुझा सल्लागार शेवटचा कधी भेटला.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत साधारणपणे होकार कळवायचा असतो. तोवर वरच्या चार प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं आली नसतील, तर त्या कॅम्पसला मी होकार देणार नाही.